मे महिन्यातली कोरडी हवा, जुलैतली ओली हवा आणि मधलं आपलं घर

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक तापाचे दिवस, लागला की विदर्भातल्या गावांत भरदुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा ही नावं दर उन्हाळ्यात तापलेल्या शहरांच्या यादीत असतातच. बातमी पाऱ्याची होते. घर सांभाळणाऱ्याला मात्र दुसराच आकडा जास्त कामाचा आहे : हवेत वाफ किती आहे? कूलर, माठ, अंगणातलं वाळवण, कोठीतलं धान्य, भिंतीचा लोणा (ओलीनं भिंतीवर फुटणारी पांढरी खार), सगळ्यांचा कारभार याच आकड्यावर चालतो.

मे महिन्यातली एक दुपार घेऊ. तापमान ४४ अंश, आर्द्रता १५ टक्के. अशा एक घनमीटर हवेत वाफ असते साधारण ९ ग्रॅम, आणि मावू शकते ६२ ग्रॅम. म्हणजे ५३ ग्रॅमची जागा रिकामी. आता जुलैतला पावसाची उघडीप असलेला दिवस घ्या : ३२ अंश, आर्द्रता ८० टक्के. वाफ आधीच २७ ग्रॅम, आणि जागा उरली जेमतेम ७ ग्रॅमची. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली धरली तर मे महिन्यात, तापमान तेवढंच राहिलं तर, तिच्यातली हवा आणखी पावणेदोन लिटर पाणी वाफ करून पोटात घेऊ शकते. जुलैत तीच खोली पाव लिटरावर अडते. म्हणूनच कुरडया, सरगुंडे, मुगवड्या एप्रिल-मे मध्येच घालायच्या असतात. नुसत्या उन्हानं वाळवण वाळत नाही, पाणी घ्यायला हवेत जागा लागते.

कूलर याच रिकाम्या जागेवर चालतो. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती उष्णता पाणी आजूबाजूच्या हवेतून ओढून घेतं. एक लिटर पाण्याला साधारण २४०० किलोज्यूल लागतात, विजेच्या हिशेबात दोन तृतीयांश युनिट. भर दुपारी मोठा लोखंडी कूलर तासाला दहा लिटर पाणी सहज पितो. म्हणजे हवेतून साडेसहा युनिटांएवढी उष्णता काढली गेली, आणि पंखा-पंप मिळून मीटरवर पडलं पाव युनिटाच्या आसपास. एवढ्या स्वस्तात गारवा देणारं दुसरं यंत्र गावात नाही. अर्थात किंमत पाण्यात मोजावी लागते. जिथं मे महिन्यात टँकरची वाट बघावी लागते, तिथं दिवसाचं शंभर लिटर कूलरला घालायचं की गुरांना पाजायचं, हा प्रश्न काही विज्ञान सोडवत नाही.

कूलर हवा किती गार करेल यालाही हद्द आहे. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की पारा जिथवर उतरतो, ती हद्द. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेला ती २३ अंशांच्या जवळ येते. चांगली खस असलेला कूलर यातलं ८० टक्के अंतर कापतो, म्हणजे २७-२८ अंशांचा झोत मिळतो. जुलैतल्या त्या हवेची हद्दच २९ अंश. ३२ वरून फार तर दोन-अडीच अंश खाली, आणि वर खोलीत वाफेची भर. ‘कूलर लावला तरी घामच येऊन राह्यला’ ही आषाढातली तक्रार कूलरची नसतेच. घाम येतो खरा, पण तो उडायला हवेत जागा नसते. तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा ठेवावा.

आता सगळ्यात जास्त दिसणारी चूक. दारं-खिडक्या गच्च लावून कूलर चालवायचा, शहरात एसीवाल्यांकडं पाहिलं म्हणून. एसी खोलीतलीच हवा फिरवतो, कूलरला दर क्षणी बाहेरची कोरडी हवा लागते आणि ओली झालेली हवा बाहेर जायला वाट लागते. वाट नसेल तर अर्ध्या तासात खोलीची गत जुलैसारखी होते. कूलर खिडकीबाहेर सावलीत बसवावा आणि समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार उघडं ठेवावं. झोत ज्या दिशेनं बाहेर पडतो त्याच वाटेत गारवा मिळतो, त्यामुळं खाट कुठं टाकायची हेही त्यावरूनच ठरवावं.

खस एकदा जवळून बघा. वरच्या पन्हाळीची भोकं बुजली असली की पाणी दोन-तीन धारांनीच खाली येतं आणि मधे कोरडे पट्टे राहतात. त्या पट्ट्यांतून गरम हवा जशीच्या तशी आत येते. भोकं बुजतात क्षारांनी. पाणी उडून जातं, क्षार उडत नाहीत. अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर महिन्याभरात खसेवर पांढरा, कडक थर चढतो. टाकीत नुसती भर घालत राहिलं तर उरलेलं पाणी दिवसेंदिवस जास्त खारट होत जातं. चार-पाच दिवसांनी टाकीतलं सगळं पाणी काढून अंगणात शिंपडावं आणि नव्यानं भरावं. खस जास्त दिवस टिकते आणि वासही येत नाही.

कूलरच्या शॉकबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण दर उन्हाळ्यात माणसं यानं जातात. पत्र्याचा कूलर, खाली सांडलेलं पाणी, अनवाणी पाय आणि हातात पाण्याची गुंडी. पंपाच्या वायरीचं वेष्टण कुठं सोललेलं असलं की विजेला माणसातून जमिनीत जायला सरळ रस्ता. अनेकांना वाटतं, एमसीबी (प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारं बटण) आहे, ती पडेल. एमसीबी कित्येक अँपिअर प्रवाहाला पडते, माणसाच्या जिवाला पन्नास-शंभर मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरचे तेवढे हजारावे भाग, पुरतात. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज जमिनीकडं गळू लागली की लगेच पुरवठा तोडणारं बटण) वेगळी बसवावी लागते. आणि अर्थिंग. प्लगची तिसरी पिन असते, पण बोर्डामागं तिची वायर बरेचदा कुठंच जोडलेली नसते. जोडलेली असली तरी मे महिन्यात जमीन भेगाळून कोरडी पडते, आणि कोरडी माती वीज नीट वाहून नेत नाही. नेमका कूलर चालायच्या दिवसांतच अर्थिंग कच्चं पडतं. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात दर दोन-चार दिवसांनी बादलीभर पाणी ओतावं. कूलरमध्ये पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग उपसून बाजूला ठेवायचा. लेकरांना हे काम सांगूच नये.

माठाचं तत्त्व तेच. त्याला वारा लागला पाहिजे, ऊन नाही. घरात कोंदट कोपऱ्यात ठेवलेला माठ नावापुरताच गार करतो. जुन्या माठाची भोकं क्षारांनी बुजतात, नारळाच्या काथ्यानं नुसत्या पाण्यात घासून बघावं, साबण लावू नये. खिशातल्या कांद्यानं मात्र ऊन लागायचं टळत नाही. कांदा खाल्ला तर निदान थोडं पाणी तरी पोटात जातं. डोक्याला बांधलेला ओला दुपट्टा त्याच्यापेक्षा कितीतरी कामाचा. आणि हवा ४० अंशांच्या वर गेली की नुसत्या पंख्याच्या भरवशावर म्हाताऱ्या माणसांना ठेवू नये. अंगापेक्षा गरम हवा अंगावर मारली जाते, आणि त्यांना घामही कमी येतो. ओलं फडकं आणि पंखा, दोन्ही पाहिजेत.

छपराची गोष्ट वेगळी, तिथं वाफेपेक्षा किरणांचा खेळ आहे. कवेलूच्या, म्हणजे मातीच्या कौलांच्या, घरात सांध्यांतून हवा खेळते आणि मातीच्या जाड भिंती दुपारचं ऊन आत पोचवायला कित्येक तास लावतात. टिनाला असा दम नाही. ते तापतं आणि लगेच खाली डोक्यावर उष्णता सोडतं. नवं चकचकीत टिन ऊन परतवतं, तरी ते चांगलंच तापतं. चकचकीत धातू घेतलेली उष्णता किरणांनी बाहेर टाकायला फार कंजूष असतो. चुन्याचं तसं नाही. पांढरा चुना बरंचसं ऊन परतवतो आणि राहिलेली उष्णता आकाशाकडं सोडूनही देतो. म्हणून एप्रिलच्या सुरुवातीला टिनावर डिंक घातलेल्या चुन्याचे दोन हात मारणं हा बाजारातल्या कुठल्याही महागड्या उपायाआधी करायचा उपाय. पावसात तो धुऊन जातो, जाऊ द्यावा. काही जण टिनावर पऱ्हाट्या किंवा तुराट्या पसरतात. सावली आणि मधली हवा, दोन्हींचा फायदा खरा, पण चुलीची ठिणगी जवळ असेल तर त्या भानगडीत पडू नये.

जूनच्या मध्यावर पाऊस येतो आणि हिशेब उलटा होतो. मे महिन्यात हवा सगळ्यांतून पाणी ओढत होती, आता ती सगळ्यांना देते, धान्यालासुद्धा. दाणा हवेशी ओलीची देवाणघेवाण सतत करत असतो. त्यातली ओल १२ टक्क्यांच्या वर गेली की सोंडे आणि बुरशीला रान मोकळं. म्हणून धान्य मे महिन्यातच कडक वाळवून झाकायचं. एक पथ्य मात्र हमखास विसरलं जातं : उन्हातून उचललेलं गरम धान्य तसंच पत्र्याच्या कोठीत भरायचं नाही. रात्री कोठीचा पत्रा गार पडतो, आतली वाफ त्यावर थेंब होऊन बसते आणि कडेचं धान्य भिजतं. सावलीत पूर्ण गार होऊ द्यावं, मग भरावं. पोती फळीवर, भिंतीपासून हातभर दूर. ज्या भिंतीला लोणा फुटतो ती जमिनीतलं पाणी वर ओढत असते. त्यावर सिमेंटचा गिलावा मारला की ओल आतच कोंडते आणि आणखी वर चढते.

तूर, हरभरा, मूग अख्खे ठेवायचे असतील तर दाण्यावर पांढरे ठिपके आहेत का ते बघा. ती भुंगेऱ्याची अंडी. अळी दाण्याच्या आत शिरते आणि गोल भोक पाडूनच बाहेर येते, तोवर वरून काही कळत नाही. डाळीत या किड्याचं फारसं फावत नाही, त्यामुळं उन्हाळ्यातच घरी डाळ पाडून ठेवायची जुनी रीत शहाणपणाची होती. अख्ख्या दाण्याला किलोमागं चमचाभर तेलाचा हात लावला की अंड्यांचा श्वास कोंडतो. धान्यात चुलीची राख मिसळतात, तिचंही कारण गमतीचं आहे. किड्याच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो, त्यानं त्याच्या शरीरातलं पाणी टिकतं. राखेचे बारीक कण हा थर खरवडतात आणि किडा वाळून मरतो. कडुलिंबाचा पाला ठेवतात तो ठेवावा, पण खरा जोर पानापेक्षा निंबोळीत जास्त असतो. पाऱ्याच्या गोळ्या धान्यात घालू नयेत, पारा विषच आहे. आणि अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात कधीच ठेवू नयेत. हवेतली ओल लागली की त्यांतून फॉस्फीन हा विषारी वायू निघतो, आणि झोपलेल्या घराला तो कळतही नाही. पावसाळ्यात ओल कुठं नसते?

राहिला कूलर. मृगाचा पाऊस पडला की तो अंगणात सरकवला जातो आणि तळात पाणी साचतं. डेंग्यूचा एडिस डास नेमकं असंच साठलेलं पाणी शोधतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात तो याच हिशेबानं. पण एडिसची मादी अंडी पाण्यात घालत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टाकीच्या ओलसर भिंतीला चिकटवते. पाणी ओतून दिलं तरी ती तिथंच राहतात. कोरड्यात कित्येक महिने तग धरतात आणि पुढच्या मार्चमध्ये टाकी भरली की फुटतात. म्हणून कूलर आत ठेवायच्या आधी जुनी खस जाळून टाकावी, टाकीची आतली बाजू तारेच्या ब्रशनं, विशेषतः पाण्याचा डाग पडलेल्या रेषेवर, खसखसून घासावी, उन्हात कडक वाळवावी आणि टाकी पालथी घालून झाकावी. गंजाला आतून रंगाचा एक हात दिला तर टाकी आणखी दोन-चार उन्हाळे निघते.