फेल-सेफ (रेल्वे सिग्नलिंग)

यंत्रणेत काहीही बिघडलं तरी तिने सुरक्षित बाजूलाच पडावं, या तत्त्वाला फेल-सेफ म्हणतात. रेल्वेत सुरक्षित बाजू म्हणजे लाल सिग्नल आणि थांबलेली गाडी. (विमानाला हवेत थांबता येत नाही, त्यामुळे तिथलं गणित वेगळं.)

याचं श्रेय नक्की कोणाला, यावर एकमत नाही. विल्यम सायक्स यांनी १८६४ च्या सुमारास लंडनमध्ये ब्रिक्स्टनला ट्रॅक सर्किट (रुळातून करंट सोडून त्यावर गाडी आहे का ते ओळखणारी जोडणी) वापरलं असं सांगतात, तर दुसरीकडे विल्यम रॉबिन्सनचं १८७२ चं अमेरिकन पेटंट पुढे केलं जातं. नुसती गाडी ओळखणं हा निकष धरला तर सायक्स आधीचे, पण फेल-सेफ म्हटलं की रॉबिन्सनचं पारडं जड वाटतं. त्याचीही आधीची रचना ओपन सर्किटचीच होती, म्हणजे गाडी आली की करंट सुरू, आणि त्यात तार तुटली तरी रूळ मोकळाच दिसणार. क्लोज्ड सर्किटमध्ये त्याने हे उलटं केलं, करंट कायम रुळातून वाहतो, गाडीची चाकं रूळ शॉर्ट करतात, रिले (करंटवर चालणारा चुंबकी स्विच) ड्रॉप होतो आणि सिग्नल लाल, आणि रूळ तुटला, तार सुटली, बॅटरी उतरली तरी तेच होतं.

रिलेचं काम गुरुत्वाकर्षणावर सोपवलेलं असतं, करंट गेला की आर्मेचर, म्हणजे त्यातला हलता लोखंडी भाग, स्वतःच्या वजनाने खाली येतं. कॉन्टॅक्ट वितळून चिकटू नयेत म्हणून एका बाजूला कार्बन वापरतात.

इलेक्ट्रॉनिक्स आल्यावर हार्डवेअर इंजिनिअरचं काम खरं अवघड झालं कारण ट्रान्झिस्टर ओपन होऊनही मरतो आणि शॉर्ट होऊनही. मग प्रत्येक पार्ट किती प्रकारे बिघडेल याचा तक्ता करायचा आणि एकेका ओळीला उत्तर शोधायचं, सर्किट काढण्यापेक्षा यातच जास्त वेळ जातो. एक जुनी युक्ती अशी की रिलेला सरळ डीसी (एकाच दिशेचा स्थिर करंट) द्यायचाच नाही, सतत चालू-बंद होणारे पल्स ट्रान्सफॉर्मरमधून पाठवून मग डीसी करायचा. ट्रान्झिस्टर कुठल्याही स्थितीत अडकला तरी पल्स थांबतात, ट्रान्सफॉर्मर स्थिर करंट पलीकडे देत नाही, रिले पडतो. कॉम्प्युटर असेल तर अनेकदा तीन एकत्र चालवतात आणि तीनपैकी दोघांचं एकमत लागतं.

युरोपियन मानक ईएन ५०१२९ नुसार सर्वात वरच्या पातळीला, म्हणजे एसआयएल (सेफ्टी इंटिग्रिटी लेव्हल) ४ ला, एका फंक्शनचा धोकादायक बिघाड दहा कोटी तासांत एकापेक्षा कमी अपेक्षित असतो.

तक्त्यात न आलेला बिघाड मात्र कुठलीच युक्ती पकडत नाही. वॉशिंग्टन मेट्रोत २२ जून २००९ ला ट्रॅक सर्किटच्या ट्रान्समीटर मॉड्यूलमध्ये नको ते ऑसिलेशन (करंटचं आपोआप होणारं कंपन) सुरू झालं, ते हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) आणि धातूच्या रॅकमधून थेट रिसीव्हरपर्यंत गेलं, रिसीव्हरला तो रुळातून आलेलाच सिग्नल वाटला आणि उभी गाडी यंत्रणेला दिसलीच नाही. मागून आलेली गाडी तिच्यावर आदळून ९ जण गेले.