चँडलर स्ट्रॉबेरीमागचे प्राध्यापक

महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावर आणि खाली वाईच्या पट्ट्यात 'चँडलर', 'सेल्वा' आणि 'कॅमारोसा' ही नावे शेतकऱ्यांच्या तोंडी इतकी रुळली आहेत की ती मुळात कोठली, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. तिन्ही वाण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे. पहिले दोन 1983 मध्ये बाहेर पडले आणि तिन्हींच्या निर्मितीत डेव्हिस येथील उद्यानविद्येचे प्राध्यापक रॉइस ब्रिंगहर्स्ट आणि त्यांचे सहकारी व्हिक्टर व्होथ यांचा वाटा आहे.

ब्रिंगहर्स्ट 1953 मध्ये डेव्हिसला आले, तेव्हा विद्यापीठाकडे या पिकाचा वारसा होता, पण तो उभा करणारी माणसे उरली नव्हती. हॅरॉल्ड थॉमस आणि अर्ल गोल्डस्मिथ या जोडीने तयार केलेले 'शास्ता' आणि 'लासेन' हे वाण 1945 मध्ये प्रसारित झाले आणि त्याच सुमारास दोघेही खासगी संशोधनाकडे वळले. कॅलिफोर्नियातील स्ट्रॉबेरी पुढे बराच काळ या दोन वाणांवरच उभी होती. 'टियोगा' 1964 मध्ये आला, 'टफ्ट्स' 1972 मध्ये. नवा वाण किती सावकाश घडतो, याची कल्पना या अंतरावरूनच येते.

व्होथ दक्षिण कॅलिफोर्नियातील प्रयोगक्षेत्रावर काम करत असल्याने निवडीला आलेले रोप प्रयोगशाळेच्या दारात नव्हे, तर शेतकऱ्याच्या हवामानात पारखले जाई. माझ्या मते त्यांच्या कामाचे खरे वेगळेपण येथे आहे. वाण आणि लागवडीची पद्धत या दोन गोष्टी त्यांनी एकमेकींपासून तोडल्या नाहीत. रोपवाटिकेतून रोपे कोणत्या तारखेला उपटायची, त्यांना किती थंडी मिळालेली असावी, कधी लावायची, गादीवाफ्यावर प्लास्टिकचे आच्छादन कसे घालायचे आणि ठिबकने पाणी कसे द्यायचे, हे सारे प्रत्येक वाणासाठी स्वतंत्रपणे तपासले गेले. अमेरिकेत 1914 च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने विद्यापीठांच्या विस्तारकार्याला सरकारी आधार मिळाला होता, त्यामुळे हे निष्कर्ष जिल्ह्याजिल्ह्यांतील शेती सल्लागारांमार्फत बांधापर्यंत पोहोचत. नुसते रोप हाती देऊन शेतकऱ्याला वाऱ्यावर सोडण्याची ही रीत नव्हती.

ब्रिंगहर्स्ट यांचे सर्वांत मोठे काम मात्र एका रानरोपाने घडवले. लागवडीची स्ट्रॉबेरी हा अठराव्या शतकात युरोपात झालेला, चिली आणि उत्तर अमेरिका येथील दोन रानजातींचा संकर आहे. नेहमीच्या वाणांना फुलकळी धरण्यासाठी आखूड दिवस लागतात आणि उन्हाळ्यात दिवस लांबले की झाड फळाऐवजी धावती खोडे सोडू लागते. यूटा राज्यातील वासॅच पर्वतातून, म्हणजे ब्रिंगहर्स्ट यांच्याच मूळ मुलखातून, आणलेल्या एका रानस्ट्रॉबेरीत दिवसाच्या लांबीची पर्वा न करता फुलण्याचा गुण होता. हे रोप नर होते. त्याला फळ धरतच नसल्याने त्याच्या फळाची चव किंवा आकार पाहण्याची सोयच नव्हती; केवळ परागावर विसंबून 1950 च्या दशकात संकर केले गेले. पहिल्या पिढीची फळे अर्थातच बाजारात नेण्याजोगी नव्हती. संकरित रोपांचा चांगल्या वाणांशी पुन्हा पुन्हा संकर करून फळ मोठे करायचे आणि तो एक गुण मात्र हातचा जाऊ द्यायचा नाही, असे काम सुमारे पाव शतक चालले. त्यातून 1979-80 च्या सुमारास 'ॲप्टॉस', 'ब्रायटन' आणि 'हेकर' हे दिवस-निरपेक्ष वाण आले, आणि पुढे 'सेल्वा'. किनाऱ्यालगतच्या थंड पट्ट्यात उन्हाळाभर तोडणी चालू ठेवणे त्यामुळे शक्य झाले.

या यशाला एक काळी किनार आहे. जमिनीतील मर रोगावर उपाय म्हणून मिथाइल ब्रोमाइड आणि क्लोरोपिक्रिन या विषारी रसायनांचे धुरीकरण कॅलिफोर्नियात सरसकट झाले आणि भरघोस उत्पन्नाचे गणित त्यावरही अवलंबून राहिले. मिथाइल ब्रोमाइड ओझोनच्या थराला घातक ठरून माँट्रिअल करारान्वये टप्प्याटप्प्याने बंद झाले, तेव्हा वाणांच्या रोगप्रतिकारशक्तीचा प्रश्न नव्याने पुढे आला.

महाबळेश्वरात स्ट्रॉबेरी इंग्रजांच्या काळापासून आहे. कॅलिफोर्नियाचे वाण आणि त्यांच्या सोबतीने गादीवाफा, मल्चिंग पेपर आणि ठिबक ही घडी 1990 च्या दशकापासून बसत गेली. आयात केलेल्या मातृरोपांपासून रनर (धावत्या खोडांवरची रोपे) तयार करायचे आणि पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावायचे, असा क्रम आहे. लावताना रोपाचा कोंब निम्मा मातीवर ठेवावा लागतो. तो खोल गेला तर कुजतो, वर राहिला तर मुळे सुकतात. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. गंमत अशी की ज्या गुणासाठी प्राध्यापकांनी पाव शतक घालवले, तो येथे फारसा कामी येत नाही. जूनचा पाऊस सुरू झाला की उघड्यावरचे फळ टिकत नाही, मग रोप लांब दिवसांत फुलो वा न फुलो. आखूड दिवसांचा 'चँडलर' मात्र याच हिवाळी हंगामात बरोबर बसला.