मोजून पंचवीस अणू

युरियाच्या 45 किलोच्या गोणीत 46 टक्के, म्हणजे जवळपास 21 किलो नायट्रोजन असतो. तो येतो हवेतून. हवेत तो 78 टक्के आहे आणि फुकट आहे, पण पिकाला त्याचा काही उपयोग नाही. त्याचे दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात. ही पकड फ्रिट्झ हाबर यांनी 1909 मध्ये प्रयोगशाळेत सोडवली आणि 1913 मध्ये कार्ल बॉश यांनी जर्मनीत ओपाऊ इथे त्याचा कारखाना उभा केला. आपल्या अलिबागजवळच्या थळच्या खत कारखान्यात आजही अमोनिया, म्हणजे नायट्रोजन आणि हायड्रोजनचा संयोग आणि युरियाचा कच्चा माल, त्याच मार्गाने होतो. लोखंडाचा उत्प्रेरक (स्वतः न संपता क्रिया वेगाने घडवणारा पदार्थ), चारशे-पाचशे अंश तापमान, प्रचंड दाब आणि हायड्रोजनसाठी नैसर्गिक वायू. कार्बन डायऑक्साइडचा मोठा वाटा या हायड्रोजनपायीच बाहेर पडतो. म्हणून हाच अमोनिया विजेवर, धातूच्या मोजक्या अणूंचे पुंजके उत्प्रेरक म्हणून वापरून करता येईल का, हा इथला प्रश्न.

हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू मात्र हेच काम मातीच्या तापमानाला करतात. त्यांच्या विकराच्या (एन्झाइमच्या) गाभ्यात मोलिब्डेनमचा 1, लोहाचे 7, गंधकाचे 9 आणि कार्बनचा 1 अणू असतो. बस्स, एवढाच पुंजका!

धातूंचे नॅनोपुंजके याच जातीचे. नेहमीच्या नॅनोकणात हजारो अणू असतात आणि दोन कण कधी तंतोतंत सारखे नसतात, त्यामुळे नेमकं काम कुठला अणू करतो ते कळत नाही. पुंजक्यात अणू मोजलेले असतात. सोन्याच्या 25 अणूंचा पुंजका घ्या. मधे एक, भोवती बारा, त्यावर आणखी बारा, आणि बाहेरून गंधक असलेल्या 18 सेंद्रिय रेणूंचं पांघरूण. मधला सोन्याचा अणू काढून तिथे पॅलेडियमचा बसवता येतो आणि एका अणूने काय फरक पडला ते पाहता येतं. मला या विषयात सगळ्यात मोहक वाटतं ते हेच.

विजेवर अमोनिया करायचा तर हायड्रोजन पाण्यातूनच मिळतो, आणि वीज सौर असली तर धूर नाही. पण पाण्यातल्या प्रोटॉनना (हायड्रोजनच्या केंद्रकांना) नायट्रोजनशी जुळण्यापेक्षा आपसांत जोडी जमवून हायड्रोजन वायू होऊन निघून जाणं सोपं पडतं. बरीचशी वीज तिथेच खर्ची पडते. मग हाती लागतो तो अमोनिया इतका थोडा, की तो उच्छ्वासातून आला की हातमोज्यांतून, अशी शंका यावी. म्हणून जड नायट्रोजन-15 वापरून पडताळणी करतात; त्यापासून झालेला अमोनिया वेगळा ओळखू येतो. ती नसलेल्या दाव्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

नायट्रेटपासून अमोनिया करण्याची वाट मला जास्त भरवशाची वाटते. तिथे तिहेरी बंध नाही, तांब्याचे उत्प्रेरक चांगले चालतात आणि कच्चा माल म्हणजे कारखान्यांचं सांडपाणी. विदर्भातल्या विहिरींतही खतांमुळे नायट्रेट वाढलंय. पिण्याच्या पाण्यात मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅमची आहे. पण विहिरीतलं नायट्रेट फार विरळ, त्यातून खत काढणं परवडणारं नाही.

शिवाय पुंजक्यांच्या पांघरुणाचा पेच आहेच. ते ठेवलं तर कामाचे अणू झाकले जातात. काढलं तर पुंजके एकमेकांना चिकटून मोठे कण होतात आणि मोजलेल्या अणूंचा हिशेब संपतो. उलट हाबर-बॉशचा लोखंडी उत्प्रेरक कारखान्यात दहा-दहा वर्षं टिकतो.