कंट्री-फंक-रॉक बँडला श्रोता स्टेजसमोरच का मिळतो

एखादा अमेरिकन बँड स्वतःची ओळख ‘कंट्री, फंक आणि रॉक’ अशी करून देतो, तेव्हा बऱ्याच जणांना हा ताजा प्रयोग वाटतो. प्रत्यक्षात कंट्री (गावाकडची, गोष्ट सांगणारी गाणी), फंक (काळ्या वादकांचं, ठेक्यावर उभं असलेलं नाचाचं संगीत) आणि रॉक हे तिन्ही प्रकार अमेरिकेच्या दक्षिणेत शेजारी-शेजारी वाढले. त्यांच्यात भिंत घातली ती रेकॉर्डच्या धंद्याने. आजही अशा बँडना आधी रेडिओ नाही, तर बार आणि छोटी थिएटरं थारा देतात. त्याचं मूळ त्या भिंतीत आहे.

१९२०च्या दशकात ओके ही रेकॉर्ड कंपनी काळ्या कलावंतांच्या तबकड्या ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणून आणि दक्षिणेतल्या गोऱ्या गायकांच्या ‘हिलबिली’ म्हणून विकू लागली. बँजो मूळचा आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचा, पण या वाटणीत तो गोऱ्यांच्या वाट्याला गेला. वादक मात्र कंपन्यांच्या याद्या बघून वाजवत नव्हते. कंट्रीचा जनक म्हटला जाणारा जिमी रॉजर्स १९३०मध्ये हॉलिवूडला एक गाणं ध्वनिमुद्रित करत होता, तेव्हा ट्रम्पेटवर काळा जॅझ वादक लुई आर्मस्ट्राँग होता आणि पियानोवर त्याची बायको लिल हार्डिन आर्मस्ट्राँग. तबकडीवर या दोघांची नावं छापली गेली नाहीत.

१९४९मध्ये बिलबोर्ड या संगीत-व्यवसायाच्या साप्ताहिकात या दोन वर्गांच्या खपाच्या याद्यांना नवी नावं मिळाली: ‘रिदम अँड ब्लूज’ आणि ‘कंट्री अँड वेस्टर्न’. यातलं पहिलं नाव तिथल्या जेरी वेक्सलर या तरुण पत्रकाराचं. हाच वेक्सलर पुढे अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीत गेला, आणि १९६६मध्ये विल्सन पिकेट व १९६७च्या जानेवारीत अरेथा फ्रँकलिन या काळ्या सोल गायकांना घेऊन अलाबामातल्या मसल शोल्स गावी, रिक हॉलच्या फेम स्टुडिओत पोहोचला. तिथे साथीला बसलेले रॉजर हॉकिन्स, जिमी जॉन्सन, स्पूनर ओल्डहॅम हे सगळे त्याच भागातले गोरे तरुण. ज्याने एका यादीला नाव दिलं, त्यालाच उत्तम सोल संगीतासाठी याद्या ओलांडून जावं लागलं. या इतिहासातली ही घटना मला सगळ्यात बोलकी वाटते.

त्याआधी १९६२मध्ये रे चार्ल्स या काळ्या गायकाने कंट्री गाण्यांचा पूर्ण अल्बम काढला आणि तो बिलबोर्डच्या यादीत १४ आठवडे अव्वल राहिला. श्रोत्यांची हरकत नव्हती, एवढं तेव्हाच सिद्ध झालं होतं.

आता ठेक्याकडे येऊ, कारण सगळी गंमत तिथेच आहे. जुन्या कंट्रीत बास मूळ स्वर आणि पंचम यांच्यात ये-जा करतो आणि स्नेअर ड्रमवर आगगाडीसारखी चाल धावत असते. चाल सरळ, कारण पुढे गोष्ट सांगायची असते. फंकचा रोख वेगळा. जेम्स ब्राऊनने १९६५ ते १९६७च्या सुमारास सगळा जोर समेवर आणला. समेवर सगळे एकत्र, आणि पुढच्या मात्रांमध्ये प्रत्येक वाद्य आपापली जागा शोधणार. गिटार असो की ब्रास (ट्रम्पेटसारखी फुंकवाद्यं), प्रत्येकाने ड्रमसारखं वागायचं. मग या दोन्हींची गाठ कुठे पडते? बऱ्याचदा टेलिकास्टर या इलेक्ट्रिक गिटारवर. कंट्री वादक तार अर्धवट दाबून, चिमटीने ओढून तुटक स्वर काढतो. फंक वादक तार दाबून नुसता खरखरीत ठेका धरतो. दोघेही तारेकडून तालवाद्याचं काम घेतात. १९६९मध्ये लुइझियानाच्या टोनी जो व्हाइटने दलदलीच्या मुलखातल्या गोष्टी अशाच ठेक्यावर सांगितल्या. त्याच वर्षी ‘द बँड’ नावाच्या बँडच्या गार्थ हडसनने क्लॅव्हिनेट हे विजेवरचं कीबोर्ड वा-वा पेडलमधून (पायाने स्वराचा पोत बदलणाऱ्या यंत्रातून) वाजवून गावाकडच्या गाण्यात फंकचा आवाज आणला.

आजच्या अशा बँडचा खरा पूर्वज मात्र लिटल फीट. १९६९मध्ये लॉस एंजेलिसला लोवेल जॉर्ज आणि बिल पेन यांनी तो उभा केला. १९७२मध्ये बासवर केनी ग्रॅडनी, काँगावर सॅम क्लेटन आणि गिटारवर पॉल बॅरेअर आले, आणि न्यू ऑर्लीन्सचा डुलता ठेका बँडच्या अंगात भिनला. जॉर्जची स्लाइड गिटार (तारेवर नळी सरकवून वाजवलेली), ट्रकवाल्यांची गाणी आणि खाली रिची हेवर्डचे अडनिडे ड्रम. समीक्षक आणि सहकलाकार खूश होते, पण रेकॉर्ड बेताच्याच खपत. लंडन आणि वॉशिंग्टनमध्ये १९७७ साली टॉवर ऑफ पॉवर या फंक बँडच्या ब्रास वादकांसह घेतलेलं लाइव्ह ध्वनिमुद्रण १९७८मध्ये ‘वेटिंग फॉर कोलंबस’ नावाने आलं आणि तोच त्यांचा सर्वाधिक खपाचा अल्बम ठरला. ऑलमन ब्रदर्स या दक्षिणेतल्या रॉक बँडचंही तेच झालं होतं. अटलांटाच्या पिडमाँट पार्कमध्ये फुकट वाजवायचं, वर्षाचे बहुतेक दिवस रस्त्यावर काढायचे. स्टुडिओतले पहिले दोन अल्बम मागे पडले आणि मार्च १९७१मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहात घेतलेल्या लाइव्ह अल्बमने नाव केलं.

याला मी योगायोग म्हणणार नाही. स्टुडिओत तीन-चार मिनिटांत ही सरमिसळ नीट कळत नाही. ठेका पायात उतरायला वेळ लागतो, आणि तो वेळ फक्त स्टेजवर मिळतो.

श्रोते टिकवण्याची रीत ग्रेटफुल डेड या रॉक बँडने घालून दिली. १९७१च्या अल्बमवर त्यांनी चाहत्यांना पत्ते कळवण्याचं आवाहन छापलं. १९८४पासून मैफल टेप करणाऱ्यांना प्रेक्षागृहात वेगळी जागा दिली. गाण्यांचा क्रम रोज वेगळा, त्यामुळे कालचा श्रोता आजही येणार आणि त्याची टेप पुढच्या गावात बँडच्या आधी पोहोचणार. जॉर्जियातल्या अथेन्सच्या वाइडस्प्रेड पॅनिकने हीच वाट धरली. १९९८च्या एप्रिलमध्ये त्यांच्या गावातल्या रस्त्यावरच्या फुकट मैफिलीला ८० हजारांच्या वर लोक जमल्याचा अंदाज आहे.

या वाटेवर फसणारे बँडही पुष्कळ. एक गाणं कंट्री, दुसरं फंक, तिसरं रॉक अशी थाळी वाढली की श्रोता प्रत्येक गाण्याला नव्याने ठेक्यातून बाहेर पडतो. ज्यांचं जमतं त्यांच्याकडे तिन्ही गोष्टी एकाच आवर्तनात असतात, आणि ते जमवणारा बहुधा ड्रमर असतो. नव्या बँडबद्दल मत बनवताना मी आधी त्याच्याकडेच कान देतो.

याद्यांची भिंत अलीकडे थोडी खचली आहे. कंट्री गायक स्टर्जिल सिम्पसनने २०१६च्या अल्बमवर ब्रुकलिनच्या डॅप-किंग्ज या सोल-फंक बँडचे ब्रास वादक घेतले आणि २०१७मध्ये त्यालाच सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बमचं ग्रॅमी मिळालं. आणि लिटल फीट? लोवेल जॉर्ज १९७९मध्ये, अवघ्या ३४व्या वर्षी, गेला. ३१ ऑक्टोबर २०१० रोजी अटलांटिक सिटीत फिश या बँडने ब्रास वादक सोबत घेऊन ‘वेटिंग फॉर कोलंबस’ पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत स्टेजवर वाजवला.