सेंद्रिय पदार्थ आणि खनिजं यांचं मातीतलं बंधन

पालापाचोळा, मेलेली मुळं, जिवाणू-बुरशीचे अवशेष हे सगळं कुजत कुजत लहान रेणूंपर्यंत येतं आणि त्यातले काही रेणू चिकणमातीच्या नाहीतर लोह-ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या कणांना धरून बसतात, त्या जोडीला सेंद्रिय-खनिज संकुल म्हणतात. जगभरच्या मातीत वरच्या १ मीटरमध्ये साधारण १,५०० अब्ज टन सेंद्रिय कर्ब (कार्बन) आहे असं धरतात, म्हणजे हवेतल्या कर्बाच्या दीडपटीहून जास्तच, आणि बहुतेक अंदाजांप्रमाणे त्यातला निम्म्याहून जास्त असा खनिजांना बांधलेला आहे. बाकीचा सुटा, अर्धवट कुजलेला, तो तुलनेनं लवकर संपतो.

बंध एकाच प्रकारचा नसतो. मॉन्टमोरिलोनाइटसारख्या क्लेमध्ये (चिकणमातीच्या खनिजात) सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम किंवा ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसलेलं असतं, त्यामुळे तिच्यावर कायमचा ऋण भार असतो आणि धन भाराचे रेणू (अमिनो गट असलेले वगैरे) थेट चिकटतात. पण मातीतले बहुतेक सेंद्रिय रेणू स्वतःच ऋण भाराचे, मग ते क्लेला कसे चिकटणार, तर मध्ये कॅल्शियमसारखा धनायन (धन भाराचा कण) पुलासारखा उभा राहतो. लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचं वेगळंच, तिथे पृष्ठभागावरचा हायड्रॉक्सिल गट हटवून सेंद्रिय रेणूचा कार्बॉक्सिल (आम्ल) गट सरळ धातूच्या अणूला जोडला जातो, याला लिगंड विनिमय म्हणतात आणि हा सगळ्यात पक्क्या बंधांपैकी एक. तो आम्लधर्मी मातीत, सामू (पीएच) ४ ते ५ च्या आसपास, जास्त जोरात होतो, आणि फॉस्फेटलाही नेमक्या त्याच जागा हव्या असल्यामुळे फॉस्फेट वाढलं की काही सेंद्रिय रेणू सुटून पाण्यात येतात. ढोबळमानानं सामू साडेसहाच्या खाली लोह-ॲल्युमिनियमचं राज्य आणि वर कॅल्शियमचं. हायड्रोजन बंध, व्हान डर वाल्स बल हे एकेकटे दुबळे, पण रेणू मोठा असला की एकत्र मिळून भारी पडतात.

पृष्ठभाग किती मिळतो यावरही बरंच ठरतं. केओलिनाइट या दुसऱ्या क्लेचा ग्रॅममागे साधारण १० ते २० चौ. मी., मॉन्टमोरिलोनाइटचा थरांमधली जागा धरून ७०० ते ८०० पर्यंत. मात्र त्या थरांमध्ये सेंद्रिय रेणू खरंच किती शिरतात यावर एकमत नाही, प्रयोगशाळेत शिरतात, मातीत बहुधा खूप आम्लधर्मी परिस्थितीतच. आणि उघडा पृष्ठभागसुद्धा सगळा भरत नाही, फोगेल आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या कामात दिसणाऱ्या खनिज पृष्ठभागापैकी १९ टक्क्यांपेक्षा कमी भागावरच नवा सेंद्रिय पदार्थ बसलेला दिसला, तोही खडबडीत कडांवर.

आता मूळ वाद, सेंद्रिय पदार्थ मातीत इतका टिकतो कशामुळे याचा. १७८६ मध्ये आखार्ड यांनी पीटमधून (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरातून) अल्कली वापरून काळसर द्रव काढला आणि पुढची दोनशे वर्षं मृदाशास्त्र त्याच वाटेनं गेलं, आम्ल घातल्यावर खाली बसतं ते ह्युमिक आम्ल, विरघळलेलं राहतं ते फुल्विक, आणि मुळात विरघळतच नाही ते ह्युमिन. समज असा की हे अवाढव्य गुंतागुंतीचे रेणू आहेत आणि त्यांची रचनाच अशी की जिवाणूंना ते पचत नाहीत, म्हणून ते टिकतात. लेमन आणि क्लेबर यांनी २०१५ मध्ये याला उघड आव्हान दिलं, की सामू १३ च्या द्रावणात माती घुसळून जे मिळतं ते मातीत तसं असतं हे दाखवता येत नाही. जुन्या पद्धतीचे समर्थक अजून आहेत आणि त्यांचे काही आक्षेप योग्यही आहेत, पण एकूण पुरावा बघता टिकाऊपणा रेणूच्या स्वभावापेक्षा तो कशाला चिकटलाय आणि जिवाणूंच्या हाती लागतो का यावर जास्त ठरतो, हे मत सरस वाटतं. तसं हे अगदी नवंही नाही. एन्समिंगर आणि गीसकिंग यांनी १९४२ मध्येच दाखवलं होतं की क्लेला चिकटलेल्या प्रथिनावर विकरांचा (एन्झाइमांचा) फारसा परिणाम होत नाही, १९६५ मध्ये ग्रीनलँड यांनी तोवरच्या कामाचा मोठा आढावाही घेतला, तरी मुख्य प्रवाहात यायला वेळ लागलाच.

रेणू कणावर रचले कसे जातात याबद्दल क्लेबर, सॉलिन्स आणि सटन यांचं २००७ चं थरांचं प्रतिरूप प्रसिद्ध आहे: खनिजाला लागून घट्ट थर, त्यावर पाणी टाळणारा, सगळ्यात बाहेर सैल आणि येजा करणारा. थेट निरीक्षणाचा आधार मर्यादित आहे, म्हणून कामचलाऊ चित्र म्हणूनच ते घ्यावं.

मातीची कर्ब धरून ठेवण्याची क्षमता भरते का? हासिंक यांनी १९९७ मध्ये २० मायक्रोमीटरपेक्षा बारीक कणांच्या प्रमाणावरून कमाल मर्यादा काढली आणि ती खूप वापरली गेली. २०२२ च्या एका जागतिक अंदाजात वरची माती क्षमतेच्या सुमारे ४२ टक्के आणि खालची २१ टक्केच भरलेली आहे असं आलं, तर २०२३ मध्ये जर्मनीतल्या शेतजमिनींच्या नमुन्यांत अशी वरची मर्यादा दिसलीच नाही. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या (बांधलेला कर्ब वेगळा काढायला कुणी ५३ मायक्रोमीटरची चाळण लावतं, कुणी घ.सेंमी.ला १.६ ते १.८ ग्रॅम घनतेचं द्रावण) त्यामुळे आकडे एकमेकांशी लावताना जपून.

बंध कायमचा मात्र नाही. माती पाण्याखाली राहिली की ऑक्सिजनअभावी लोहाचं क्षपण (ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रिया) होऊन ऑक्साइड विरघळतात आणि धरलेला कर्ब सुटतो, मुळांतून झिरपणारं ऑक्झॅलिक आम्लही खनिजातला धातू ओढून घेऊन हेच करतं. फार लांबच्या काळात खनिजंच बदलतात. हवाईच्या ज्वालामुखी मातीत टॉर्न आणि सहकाऱ्यांना (१९९७) कर्ब सुमारे दीड लाख वर्षं वाढत गेलेला दिसला, पुढे अस्फटिकी (ठरावीक रचना नसलेल्या) खनिजांची स्फटिकी झाली तसा तो उतरत जाऊन जवळपास निम्म्यावर आला.

तणनाशकांनाही हेच नियम लागू. पॅराक्वाट धन भाराचं, ते क्लेच्या थरांत इतकं घट्ट बसतं की चिकण जमिनीत मुळांवाटे जवळजवळ कामच करत नाही. ग्लायफोसेट फॉस्फोनेट गटानं लोह-ॲल्युमिनियमला धरतं, त्यामुळे फॉस्फेट खत जास्त पडलेल्या जमिनीत ते सुटं राहण्याची शक्यता वाढते.