पडवीतला दिवा आणि सातासमुद्रापारचा सर्व्हर

गुहागरजवळ आमचं जांभ्याचं कौलारू घर आहे, आई एकटी असते तिथे आणि मी पुण्यात. मागे हौसेने पडवीत स्मार्ट बल्ब लावून दिला, सात वाजले की आपोआप लागणारा. जूनमध्ये पहिला दणका पाऊस आला, फांदी पडून फायबरची केबल तुटली आणि आईचा फोन. "अरे लाईट आहे, पंखा फिरतोय, पण तुझा दिवा काय लागत नाय." बटण बंद करून परत चालू कर म्हटलं तेव्हा कुठे लागला. "मग आधीचा काय वाईट होता?" उत्तर नव्हतं माझ्याकडे.

झालेलं असं की सात वाजता लागायचं हे बल्बला माहीतच नव्हतं, ते कंपनीच्या सर्व्हरला माहीत होतं. स्वस्तातल्या बऱ्याच वायफाय वस्तूंचं हेच, फोन पडवीत, बल्ब पडवीत, मधे दहा फुटांचं अंतर, पण हुकूम आधी राउटरमधून कंपनीच्या सर्व्हरला जाणार आणि तिथून परत पडवीत येणार. नेट गेलं की दिवा अनाथ. आणि कंपनीनेच सर्व्हर बंद केला तर? झालंय तसं, अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाचा हब (घरातल्या स्मार्ट वस्तू एका जागेवरून चालवणारा डबा) होता, जवळपास ३०० डॉलरचा, ती कंपनी २०१४ मध्ये नेस्ट या दुसऱ्या कंपनीने विकत घेतली आणि २०१६ च्या मे महिन्यात सर्व्हर बंद, म्हणजे लोकांच्या घरात पैसे मोजून घेतलेले नुसते डबे उरले.

दुसरी गोष्ट खाजगीपणाची. दिवा कधी लागला यात लपवायचं काय, असं मलाही वाटायचं. पण दिवा, पंप, दार, सगळ्यांच्या वेळा एकत्र मांडल्या की घरात माणूस कधी उठतो, कधी झोपतो, घर किती दिवस बंद असतं हे सगळं दिसतं. आता आमचं घर कधी बंद असतं ते अख्ख्या वाडीला माहीत असतं हे खरं, पण वाडीतली माणसं आपली आहेत.

मग मी होम असिस्टंटवर आलो. हा घरातल्या स्मार्ट वस्तू चालवणारा फुकट, ओपन सोर्स (ज्याचा कोड कुणालाही बघता येतो असा) प्रोग्राम आहे, पॉलस स्खाउट्सन या माणसाने २०१३ मध्ये सुरू केलेला. माजघरातल्या कपाटावर एक छोटा रास्पबेरी पाय कॉम्प्युटर ठेवलाय, त्यावर तो चालतो, सगळे हिशोब घरातच, नेट असो नसो. एक चूक मात्र केली, मेमरी कार्डावर चालवला, आमच्याकडे लाईट दिवसातून चारदा जाते, दोन महिन्यांत कार्ड बाद. आता एसएसडी (कार्डापेक्षा टिकाऊ डिस्क) आणि इन्व्हर्टर.

वस्तू झिगबीच्या घेतल्या, म्हणजे वायफायऐवजी झिगबी नावाच्या वायरलेस पद्धतीने बोलणाऱ्या. झिगबी पण वायफायसारखीच २.४ गिगाहर्ट्झवर बोलते पण अगदी हळू आवाजात, त्यामुळे दाराच्या सेन्सरचा बटणसेल वर्ष-दीड वर्ष टिकतो. पण जांभ्याची दीड फुटी भिंत, त्यात पावसात ओल धरलेली, आणि पाणी हे सिग्नल खातं, म्हणून मागच्या दाराचा सेन्सर उन्हाळ्यात चालायचा आणि जुलैत गायब व्हायचा. उपाय सोपा निघाला, झिगबीत थेट लाईटवर चालणारी वस्तू दुसऱ्याचा निरोप पुढे पोचवते (सेलवाली नाही पोचवत), म्हणून मधल्या खोलीत एक स्मार्ट प्लग लावला. आणि झिगबीचा डोंगल (वस्तूंशी बोलायला कॉम्प्युटरला लावतात तो छोटा खुंटा) यूएसबी ३ पोर्टला चिकटवून ठेवू नका, त्या पोर्टची खरखर नेमकी याच फ्रिक्वेन्सीवर असते, तीन-चार फुटांची एक्स्टेन्शन वायर लावा, अर्धे प्रॉब्लेम तिथेच संपतात.

खरी मजा विहिरीच्या पंपाची. मे महिन्यात पाणी तळाला जातं, पंप कोरडा फिरला की जळतो, आणि आगराला शिंपणं लावून आई स्वयंपाकात गुंतली की विसरतेच. पण पंप कोरडा फिरताना त्याला पाणी ढकलायचं नसतं, म्हणून तो वीज कमी खातो. आमचा पाणी असताना हजाराच्या आसपास वॅट घेतो, कोरडा झाला की सहाशेवर येतो. मीटरवाला स्विच हे बघतो, वीस सेकंद आकडा खाली राहिला की पंप बंद. पंप थेट स्मार्ट स्विचवर मात्र टाकू नका, मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सातपट करंट खेचते, मधे कॉन्टॅक्टर (जास्त करंट झेलणारा स्विच) पाहिजेच, वायरमनकडून बसवून घ्या.

कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंगही घरातल्याच डिस्कवर, फ्रिगेट नावाच्या प्रोग्राममधून, आणि कॅमेऱ्याला बाहेरचं नेट राउटरमधूनच बंद. पुण्याहून बघायला वायरगार्डचा बोगदा (नेटवरून घरापर्यंतची कुलूपबंद वाट) लागतो, त्यात गावच्या नेटवाल्याकडे पब्लिक आयपी (बाहेरून थेट घर गाठता येईल असा नेटवरचा पत्ता) मिळत नाही म्हणून एक छोटा सर्व्हर भाड्याने घ्यावा लागला. म्हणजे बाहेरचा सर्व्हर आलाच की! पण तो नुसता बंद पाकीट पुढे ढकलतो, आत काय आहे ते त्याला वाचता येत नाही, आणि तो बंद पडला तरी पडवीतला दिवा लागतोच.

फ्रिगेट माणूस, कुत्रा, गाय बरोबर ओळखतो. माकड नाही, कारण त्याला शिकवलेल्या ८० वस्तूंच्या यादीत जिराफ आहे, झेब्रा आहे, माकडच नाही. परवा केळीवर टोळी आली तेव्हा मला पुण्यात मेसेज आला, "मागच्या अंगणात कुत्रा". मी फोन करेपर्यंत आई काठी घेऊन बाहेर गेली पण होती.