‘पाऊस’ आणि ‘पावसामुळे’ : शोधयंत्राला शब्द कसा ओळखू येतो?

इंग्रजीखेरीज अन्य भाषेत माहिती शोधणाऱ्याला एक वाक्य हमखास ऐकावे लागते : ‘तुमच्या भाषेत इंटरनेटवर मजकूरच नाही, मग सापडणार काय?’ मजकूर इंग्रजीच्या मानाने कमी आहे हे खरे. परंतु जो आहे तोही पुष्कळदा हाती लागत नाही, आणि याचे कारण ‘शब्द म्हणजे काय’ या वरवर सोप्या वाटणाऱ्या प्रश्नात आहे.

आपण प्रश्न टंकल्यानंतर शोधयंत्र जगभरची पाने वाचायला निघत नाही. ती त्याने आधीच वाचलेली असतात आणि जाड ग्रंथाच्या शेवटी जशी शब्दसूची असते, तशी एक अवाढव्य सूची त्यांतून तयार केलेली असते : अमुक शब्द कोणकोणत्या पानांवर आला आहे, याची ती नोंद. संगणकाच्या लेखी शब्द म्हणजे संकेतांकांची, म्हणजे अक्षरांना आणि चिन्हांना दिलेल्या क्रमांकांची, एक माळ असते. तुमच्या प्रश्नातली माळ आणि सूचीतली माळ तंतोतंत जुळली तर पान सापडते, एक मणी जरी वेगळा असला तरी ही मूळ पद्धत त्याला दुसराच शब्द मानते.

ही सूची करताना आधी मजकुराचे शब्द पाडावे लागतात. इंग्रजीत दोन शब्दांमध्ये मोकळी जागा असते, म्हणून ते काम सोपे वाटते. चिनी, जपानी आणि थाई लिपींत तशी जागा सोडतच नाहीत, त्यामुळे तिथे शब्द कुठे संपला हे ठरवणे हाच स्वतंत्र अभ्यासविषय झाला. देवनागरीत जागा असते, तरीही घोटाळा होतो. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत शब्द वेचण्याची नेहमीची आज्ञा अक्षरे आणि अंक तेवढे शब्दाचा भाग मानते, काना-मात्रा-वेलांटी मानत नाही. त्या आज्ञेला ‘मराठी’ हा शब्द दिला, तर ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे हाती येतात!

पण मला ज्याचे खरे अप्रूप वाटते, तो प्रश्न याच्या पुढचा आहे. मराठीत नामाला प्रत्यय लागण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप होते, आणि त्या रूपाला विभक्तिप्रत्ययच नव्हे, तर शब्दयोगी अव्ययेही जोडून लिहिली जातात. ‘पाऊस’ या एका शब्दाची पावसाने, पावसाला, पावसाचा, पावसाच्या, पावसात, पावसातला, पावसामुळे, पावसानंतर, पावसापूर्वीच्या, पावसामुळेसुद्धा अशी रांग लागते, आणि तंतोतंत जुळणी करणाऱ्या यंत्राला यांतला प्रत्येक शब्द परका असतो. हिंदीत ‘के बाद’ वेगळे लिहितात, त्यामुळे मूळ नाम निदान सुटे तरी राहते.

यावरचा उपाय म्हणजे सूची करतानाच शब्दाची शेपटी छाटून मूळ उरवणे. इंग्रजीसाठी मार्टिन पोर्टर यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेली नियमावली आजही शिकवली जाते. तिच्यामुळे कनेक्टेड, कनेक्टिंग आणि कनेक्शन हे तिन्ही शब्द ‘कनेक्ट’ या एकाच नोंदीखाली येतात. मराठीत मात्र नुसती कात्री चालवून भागत नाही. ‘पावसामुळे’तून शेपटी काढली तर ‘पावस’ उरते, ‘पाऊस’ नव्हे. म्हणजे ‘ऊ’चा ‘व’ होतो हा नियमही शिकवावा लागतो. तो ‘देऊळ-देवळात’ आणि ‘पाऊल-पावलाने’ इथेही लागू पडतो, पण ‘माणूस-माणसाला’ यासाठी वेगळा नियम लागतो. शिवाय ‘ला’ दिसला की छाटा, असे सांगितले तर ‘कला’चा ‘क’ आणि ‘तबला’चा ‘तब’ होतो. सर्वांत अवघड जागा लिंगाची आहे. ‘वाणी’ म्हणजे वाचा असेल तर शब्द स्त्रीलिंगी, म्हणून ‘वाणीला’. ‘वाणी’ म्हणजे दुकानदार असेल तर पुल्लिंगी, म्हणून ‘वाण्याला’. मूळ शब्द एकच असूनही सामान्यरूप कोणते हे अर्थावर ठरते, आणि अर्थ तर यंत्राला ठाऊकच नसतो. म्हणून चांगल्या पद्धतींत नियमांच्या जोडीला शब्दकोशही ठेवावा लागतो. विभक्त्यांनी समृद्ध असलेल्या रशियन भाषेसाठी १९९७ मध्ये सुरू झालेल्या यांडेक्स या शोधयंत्राने शब्दांच्या रूपांचा विचार पहिल्यापासूनच केला होता.

त्यातच भर म्हणजे सामान्यरूपात एक विशेष अक्षर अवतरते. ‘वारा’चे ‘वाऱ्याने’ होते, आणि हा ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिपींतील अक्षरांना संकेतांक देणाऱ्या मानकात, दोन प्रकारे लिहिता येतो : नुक्ता (अक्षराखालचे टिंब) असलेला ‘र’, हलन्त आणि ‘य’, किंवा साधा ‘र’, हलन्त, डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह आणि ‘य’. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण माळा वेगळ्या असतात. हिंदीसाठी बेतलेल्या शुद्धीकरणात नुक्ता आणि अदृश्य चिन्हे गाळण्याची रीत आहे. तीच मराठीला लावली, तर ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ एकच होऊन डोंगरातल्या खोलगट जागा समुद्रात जमा होतात. ‘ॲ’ची गोष्टही अशीच आहे. या अक्षराला स्वतंत्र संकेतांक २००८ मध्ये मिळाला. त्याआधी ‘अ’वर चंद्र देऊन ते लिहिले जाई, आणि युनिकोडच्या नियमांनुसार ही दोन लेखने आपोआप समान मानली जात नाहीत.

संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा असल्याचे नासाने मान्य केले आहे, असा संदेश अजूनही फिरत असतो. त्याच्या मुळाशी नासाच्या एम्स केंद्रातील रिक ब्रिग्ज यांचा १९८५ चा एक लेख आहे. वाक्यार्थ उलगडून मांडण्याची संस्कृत वैयाकरणांची पद्धत आणि संगणकात ज्ञान मांडण्याची पद्धत यांतले साम्य त्यांनी दाखवले होते. तो विचार मोलाचा आहे, पण संदेशातला दावा त्यातून निघत नाही. शोधयंत्राच्या दृष्टीने पाहिले, तर संधीमुळे शब्दांच्या सीमाच पुसल्या जात असल्याने संस्कृत ही उलट अवघड भाषा ठरते.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेने भाषेचा प्रश्न सुटला, असेही सांगितले जाते. नव्या पद्धतीत शब्दाचे लहान तुकडे करून त्यांना अर्थदर्शक संख्या देतात, आणि त्यामुळे ‘पाऊस’ व ‘पावसामुळे’ पुष्कळ जवळ येतात, ही प्रगती खरीच आहे. मात्र गूगलच्या ‘बर्ट’ या भाषा हाताळणाऱ्या संगणकीय प्रारूपाची पहिली बहुभाषिक आवृत्ती पाहा. युरोपीय अक्षरांवरच्या स्वरचिन्हांचा भेद मिटवण्यासाठी तिच्यात युनिकोडमधला चिन्हांचा एक वर्गच सरसकट गाळला जाई. देवनागरीतले उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त याच वर्गात मोडतात, तर काना आणि वेलांटी दुसऱ्या वर्गात. परिणामी ‘माळ’ शाबूत राहिली, पण ‘मूळ’, ‘मेळ’ आणि ‘मळ’ या तिन्हींचे ‘मळ’ झाले. पुढे हे गाळप नसलेली आवृत्ती काढण्यात आली, आणि रोमनेतर लिपींसाठी तीच वापरावी, अशी शिफारस खुद्द निर्मात्यांनी केली.